सकाळी दहाला अडणारा काटा: एका जिनिंगमधील सर्व्हरवरच्या मेमरी-ताणाचे प्रकरण

जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कापसाची आवक भरात आली असताना वजनकाट्यावरची संगणक प्रणाली रोज सकाळी दहाच्या सुमारास अडू लागली. काट्यावर गाडी चढली की भरलेल्या वजनाची नोंद होते, कॅमेरे गाडीची पुढून व मागून छायाचित्रे घेतात, कापूस यार्डात उतरतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते, पुन्हा वजन व छायाचित्रे होतात आणि निव्वळ वजनाची काटापावती छापून निघते. एरवी ही नोंद काही सेकंदांत होत असे. तक्रारीच्या काळात तीच नोंद मिनिटभर, कधी चार-पाच मिनिटे अडकून राहत असे आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्या व छोटा हत्तींची रांग लागत असे. काटा सांभाळणाऱ्या मुलाचा फोन ठरलेला असे: "भाऊ, काटा परत हँग व्हयना."

कारखान्यात सर्व्हर म्हणून वापरात असलेले यंत्र एकच होते आणि सगळा भार त्याच्यावरच होता. त्यात ८ गिगाबाइट रॅम, चार कोअरचा प्रोसेसर आणि मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी एक हार्ड डिस्क होती. लिनक्स कर्नल ५.१५ (कर्नल म्हणजे मेमरी व डिस्क सांभाळणारा कार्यप्रणालीचा गाभा), त्यावर पोस्टग्रेसचा डेटाबेस, काट्याचा जावातील प्रोग्राम आणि दिवाणजी ज्यावर हिशेब पाहत तो ब्राउझर, असा हा संसार होता. डेटाबेसच्या सामायिक बफरला २ गिगाबाइट दिलेले होते, जावाचा प्रोग्राम हीपसह (चालता चालता वस्तू ठेवण्यासाठी घेतलेल्या मेमरीसह) २ गिगाबाइटच्या जवळ जात असे आणि डेस्कटॉप व ब्राउझर मिळून दीड गिगाबाइट घेत असत. ही बेरीज साडेपाच गिगाबाइटची होते. म्हणजे रॅम ऐसपैस नसली तरी अपुरीही नव्हती आणि दुपारनंतर यंत्र सुरळीत चालत असे, ही गोष्ट त्या बेरजेशी जुळणारीच होती.

कारणाबद्दल कारखान्यात दोन मते होती. पहिले मत असे की दिवाळीनंतर गाड्या वाढल्या, म्हणून सिस्टीम स्लो झाली. दुसरे मत आधी येऊन गेलेल्या एका तंत्रज्ञाचे होते. स्वॅपमध्ये, म्हणजे रॅममधला मजकूर तात्पुरता हलवण्यासाठी डिस्कवर राखलेल्या जागेत, ३ गिगाबाइट भरलेले पाहून त्याने स्वॅप हेच दुखणे ठरवले आणि स्वॅप पूर्ण बंद करून ठेवले. त्यानंतर खरोखर फरक पडला होता. पूर्वी दहापासून बारापर्यंत रखडणारे काम आता दहा-पंधरा मिनिटे पार ठप्प होई आणि मग अचानक मोकळे होई. त्यामुळे शेठजींचा समज असा झाला होता की अर्धा आजार गेला आहे आणि उरलेला नवीन सर्व्हर घेतल्यावर जाईल. आमची पाहणी सुरू झाली ती या टप्प्यावर, म्हणजे स्वॅप बंद असताना.

पहिली सकाळ फक्त पाहण्यात घालवली. मेमरी, स्वॅप व डिस्क यांची हालचाल दाखवणाऱ्या व्हीएमस्टॅट या प्रोग्रामची एक ओळ दर सेकंदाला छापत ठेवली होती. साडेनऊपर्यंत ओळी शांत होत्या. दहाच्या आधी काही मिनिटे मोकळ्या मेमरीचा आकडा घसरू लागला आणि शंभर मेगाबाइटच्या आसपास येऊन तिथेच घोटाळत राहिला. त्याच वेळी कॅशेचा, म्हणजे डिस्कवरून वाचून मेमरीत ठेवलेल्या मजकुराचा, रकाना झपाट्याने उतरत गेला. स्वॅप बंद असल्यामुळे स्वॅपमधून मेमरीत येणाऱ्या व मेमरीतून स्वॅपमध्ये जाणाऱ्या पानांचे (मेमरीच्या छोट्या तुकड्यांचे), अनुक्रमे एसआय आणि एसओ हे, रकाने अर्थातच शून्य होते. तरीही डिस्कवरून होणारे वाचन चढत गेले, प्रोसेसरचा बहुतेक वेळ डिस्कची वाट पाहण्यात जाऊ लागला आणि अडून बसलेल्या प्रोसेसची (चालू प्रोग्रामांची) संख्या एकदोनवरून वीसच्या पुढे गेली. नंतर तर दर सेकंदाला येणारी ओळच सात-आठ सेकंदांनी येऊ लागली, कारण व्हीएमस्टॅट हाही एक प्रोग्रामच आहे आणि त्याचीही पाने मेमरीबाहेर फेकली जात होती. माउसचा बाण पडद्यावर एका जागी खिळला.

स्वॅप नसताना यंत्राने डिस्क इतकी का रगडावी, या प्रश्नाचे उत्तर कर्नल मेमरी कशी परत मिळवतो यात आहे. कर्नल मेमरी ४ किलोबाइटच्या पानांत मोजतो आणि ही पाने ढोबळमानाने दोन जातींची असतात. एका जातीच्या पानांची मूळ प्रत डिस्कवरच्या फाइलमध्ये असते: वाचलेल्या फाइली, आणि मुख्य म्हणजे चालू प्रोग्रामांचा कोड. असे पान बदललेले नसेल तर ते टाकून देण्यास काहीच खर्च येत नाही, पुन्हा लागले तर फाइलमधून वाचता येते. दुसऱ्या जातीची पाने म्हणजे प्रोग्रामने चालता चालता मागून घेतलेली, जिला कोणतीही फाइल नाही अशी मेमरी. जावाचा हीप या जातीचा असतो, आणि डेटाबेसचे सामायिक बफरही कर्नल याच रांगेत धरतो. अशी पाने हलवायची तर आधी स्वॅपमध्ये लिहावी लागतात. स्वॅप बंद केले की ही दुसरी जात जागेवर खिळून बसते आणि ताण आला की कर्नलच्या हाती फक्त पहिली जात उरते. तो फाइलींची कॅशे टाकतो, ती संपत आली की प्रोग्रामांच्या कोडची पाने टाकतो आणि पुढच्याच क्षणी तोच कोड चालवायचा असल्यामुळे डिस्कवरून परत आणतो. टाकलेले पान लगेच परत मागितले गेले तर कर्नल त्याची वेगळी मोजणी ठेवतो, आणि फाइल-पानांचा तो आकडा दहा वाजता मिनिटागणिक हजारोंनी वाढत होता. स्वॅप नसलेल्या यंत्रावरही पानांची अशी निष्फळ ये-जा होऊ शकते, हे त्या सकाळी स्पष्ट दिसले.

या अवस्थेचे विश्लेषण जुने आहे. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले की प्रत्येक प्रोग्रामला नजीकच्या काळात लागणाऱ्या पानांचा एक संच असतो आणि चालू प्रोग्रामांचे असे संच मिळून मेमरीत मावेनासे झाले, की काम हळूहळू मंदावत नाही, ते एकदम कोसळते. दुपारनंतर ठणठणीत असणारे यंत्र दहाला कोसळते, याचा अर्थ दहाला कोणाचा तरी मोठा संच येऊन बसत होता.

तो कोण, हे कर्नलच्या लॉगमध्ये सरळ लिहिलेले होते, फक्त कोणी पाहिले नव्हते. जवळजवळ रोज सव्वादहाच्या आसपास मेमरी संपल्याची आणि एक प्रोसेस मारल्याची नोंद होती आणि मारली गेलेली प्रोसेस रोज एकच होती: एक्सझेड, म्हणजे फाइली दाबून लहान करणारा प्रोग्राम. तो बॅकअपच्या स्क्रिप्टमधून चालत होता. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने त्याला सर्वांत कडक, म्हणजे ९ ची पातळी दिली होती आणि यंत्राचे सगळे कोअर वापरायला सांगितले होते. या पातळीवर एकाच थ्रेडने (कामाच्या एकाच धाग्याने) काम केले तरी एक्सझेडला सुमारे ६७४ मेबिबाइट (मेगाबाइटहून किंचित मोठे एकक) लागतात. अनेक थ्रेड असले की प्रत्येक थ्रेडला स्वतःची सामग्री, शिवाय आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या माहितीचे बफर लागतात आणि हिशेब थ्रेडमागे गिगाबाइटच्या पुढे जातो. चार कोअरवर जवळजवळ पाच गिगाबाइट. आधीच्या साडेपाचमध्ये हे पाच मिळवले म्हणजे आठाच्या यंत्रावर साडेदहाची मागणी उभी राहते. आणि हा सारा खटाटोप कशासाठी, तर मुख्यतः कॅमेऱ्याच्या जेपीईजी छायाचित्रांसाठी, जी आधीच दाबलेली असतात आणि एक्सझेडने आणखी नगण्यच लहान होतात.

बॅकअप तर रात्री दोनला ठरवलेला होता. तो सकाळी का चालत होता, याचे कारण संगणकशास्त्राबाहेरचे आहे. जिनिंगमध्ये आगीची धास्ती कायम असते. रुईच्या ढिगाला एक ठिणगी पुरते, म्हणून या कारखान्यात रात्री काम आटोपले की चौकीदार ऑफिसचा मेन स्विच पाडतो आणि सकाळी नऊला तो पुन्हा चढतो. ही शिस्त योग्यच आहे, ती बदला असे आम्ही कधीच सुचवले नसते. परंतु बॅकअपच्या टायमरला 'चुकलेली वेळ यंत्र चालू होताच भरून काढ' अशी सूचना दिलेली होती, त्यामुळे रात्री दोनचा बॅकअप इमानेइतबारे रोज सकाळी नऊला सुरू होत असे. पहिला पाऊण तास डेटाबेसची प्रत काढण्यात जाई. त्यानंतर छायाचित्रांचे फोल्डर एक्सझेडकडे जाई, आणि नेमक्या त्याच वेळी खेड्यांतून निघालेल्या गाड्या काट्यावर पोहोचत.

गाड्या वाढल्या म्हणून सिस्टीम स्लो झाली, या मताचाही येथे निकाल लागतो. दर वाहनामागे चार छायाचित्रे, प्रत्येक सुमारे ७०० किलोबाइटचे, रोज दोनशेच्या आसपास वाहने, म्हणजे दिवसाला साधारण ५६० मेगाबाइट आणि दोन महिन्यांत तीस गिगाबाइटच्या पुढे. बॅकअप दररोज हंगामाच्या सुरुवातीपासूनची सगळी छायाचित्रे नव्याने दाबत होता. दसऱ्याला ते काम काही मिनिटांत उरकत असल्याने कोणाच्या लक्षातही आले नाही, डिसेंबरात त्याला दोन तास लागू लागले. वाढ होती ती फोल्डरची. काट्यावरच्या नोंदींचा भार या यंत्राच्या दृष्टीने किरकोळच होता.

पुढच्या एका सकाळी, शेठजींची परवानगी घेऊन आणि काट्यावर हातपावतीचे पुस्तक तयार ठेवून, स्वॅप पुन्हा चालू केले. मूळ आजार जसा होता तसा पाहिल्याखेरीज उपचार ठरवणे योग्य नव्हते. या वेळी चित्र वेगळे दिसले. एसओचा रकाना प्रथम उसळला: कर्नल जावाची व डेटाबेसची पाने स्वॅपमध्ये लिहीत होता. मग एसआयही चढला आणि दोन्ही रकाने एकाच वेळी चढते राहिले. नुसता एसओ काही काळ चढला तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते, नको असलेली पाने बाहेर जात आहेत एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही सतत चढते राहिले तर जी पाने बाहेर जात आहेत तीच परत मागितली जात आहेत. मेमरीच्या ताणाची मोजणी करणारी पीएसआय ही सोय कर्नल ४.२० पासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून उपलब्ध आहे. तिच्यात दोन ओळी असतात. 'सम' म्हणजे निदान एक तरी प्रोसेस मेमरीपायी थांबली असा वेळ, आणि 'फुल' म्हणजे ज्यांना काम होते त्या सगळ्याच थांबल्या असा वेळ. दहा सेकंदांच्या सरासरीत त्या सकाळी सम नव्वदीजवळ आणि फुल साठीच्या पुढे होते. यंत्र चालू असूनही निम्म्याहून अधिक वेळ त्यावर कोणाचेच काम पुढे सरकत नव्हते, असा याचा अर्थ.

काट्याची नोंद कधी कधी चार-पाच मिनिटे का अडत असे, याचाही उलगडा येथे होतो, आणि या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटलेला भाग हाच आहे. जावाचा प्रोग्राम नको झालेल्या वस्तू झाडून काढण्यासाठी अधूनमधून पूर्ण हीप तपासतो आणि जिवंत असलेली प्रत्येक वस्तू त्या वेळी हाताळली जाते. कर्नलच्या दृष्टीने हीपमधली जी पाने थंड पडलेली असतात, ती त्याने स्वॅपला दिलेली असतात, आणि हा झाडू फिरला की सगळी एकदम परत मागितली जातात. आमच्या पाहणीच्या वेळी जावाचे सुमारे ६०० मेगाबाइट स्वॅपमध्ये होते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीस ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी ४.१७, त्याआधी हेड सरकवायला आठ-नऊ, एकूण बारा-तेरा मिलिसेकंद. सेकंदाला फार तर ऐंशी वाचने. कर्नल स्वॅपमधून एका खेपेस शेजारची मिळून आठ पाने, म्हणजे ३२ किलोबाइट आणतो. या हिशेबाने ६०० मेगाबाइटसाठी १९,२०० खेपा होतात आणि त्यांना चार मिनिटे लागतात. तीच माहिती डिस्कवर सलग असती तर चार-पाच सेकंदांत वाचून झाली असती. शिवाय त्याच डिस्कवरून बॅकअपही छायाचित्रे वाचत होता.

येथवरच्या हिशेबावरून एकूण मागणी रॅमपेक्षा जास्त झाली हे कळते. पण काट्याचा प्रोग्राम तर एका नोंदीला जेमतेम काही पाने मागतो. मेमरी ओढत होता एक्सझेड, मग काट्याच्या प्रोग्रामला का थांबावे लागले? याचे एक कारण वर आलेच, त्याची स्वतःची पाने बाहेर गेली होती. दुसरे कारण कर्नलच्या पातळीरेषांमध्ये आहे. मोकळ्या मेमरीसाठी कर्नल प्रत्येक झोनमध्ये (मेमरीच्या विभागात) तीन रेषा आखतो: उच्च, नीच आणि किमान. मोकळी मेमरी नीच रेषेखाली गेली की केस्वॅपडी हा कर्नलचा पार्श्वभूमीतला थ्रेड जागा होतो आणि उच्च रेषेपर्यंत पाने मोकळी करून पुन्हा झोपतो. तो पुरा पडला तर कोणालाच काही जाणवत नाही. पण मोकळी मेमरी किमान रेषेलाही टेकली, तर पान मागणाऱ्या प्रोसेसला स्वतःच मेमरी मोकळी करण्याच्या कामाला जुंपले जाते. हमाल यार्ड मोकळे करेपर्यंत काट्यावरून येणारी प्रत्येक गाडी फाटकातच धरून तिच्या ड्रायव्हरच्या हाती टोपले द्यावे, मग त्याच्या गाडीत दोनच गोण्या कापूस का असेना, असा हा प्रकार आहे. यार्ड कोणी भरले याची येथे चौकशी होत नाही, जो मागायला येतो तो जुंपला जातो.

या यंत्रावर किमान राखीव मेमरीचा आकडा ६७,५८४ किलोबाइट होता, ह्युज पेजची, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पाने वापरण्याची, सोय चालू असलेल्या यंत्रांवर तो नेहमी दिसतो. रेषांमधले अंतर त्याच्या चतुर्थांशाएवढे, म्हणजे सोळा-सतरा मेगाबाइट. केस्वॅपडी जागा होण्याची रेषा आणि सगळे जुंपले जाण्याची रेषा यांत एवढाच अवकाश होता. चार थ्रेडनी मेमरी ओढणारा एक्सझेड तो अवकाश क्षणार्धात संपवतो, आणि केस्वॅपडीला तर एकेक पान डिस्कवर लिहून जागा करायची असते. प्रोसेसना थेट जुंपल्याची मोजणी कर्नल ठेवतो. ती दुपारी जागच्या जागी असे आणि दहाला भराभर चढे.

उपचारांतला पहिला व सर्वांत परिणामकारक भाग कर्नलला हात न लावता झाला. छायाचित्रे दाबणे बंद केले. आता फक्त त्या दिवशीची नवी छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली जातात आणि डेटाबेसची प्रत पोस्टग्रेसच्या स्वतःच्या दाबलेल्या स्वरूपात काढली जाते, ज्याला लागणारी मेमरी नगण्य आहे. बॅकअपची वेळ संध्याकाळी सातची केली, काटा बंद झाल्यानंतरची आणि चौकीदाराने स्विच पाडण्याच्या पुष्कळ आधीची. चुकलेला बॅकअप यंत्र चालू होताच घेण्याची सूचना काढली आणि तसा तो चुकलाच तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत चालवायचा असे ठरले.

एवढ्याने आजार गेलाच होता. तरीही बॅकअपच्या सेवेला सीग्रुपची (प्रोग्रामांच्या गटागटाला मेमरीचा वाटा ठरवून देणाऱ्या कर्नलच्या सोयीची) ५१२ मेगाबाइटची 'हाय' मर्यादा लावली. उद्या दुसरे कोणी वेगळा प्रोग्राम त्या स्क्रिप्टमध्ये घालेल, तेव्हा त्याने ओढलेल्या मेमरीचा भुर्दंड त्यानेच भरावा हा हेतू. या मर्यादेचा आणखी एक लाभ असा की एखाद्या सेवेने फाइली वाचून निर्माण केलेली कॅशेही तिच्याच खात्यावर चढते, त्यामुळे बॅकअपने गिगाबाइटच्या गिगाबाइट छायाचित्रे वाचली तरी इतरांची कॅशे लोटली जात नाही. उलट बाजूने काट्याचा प्रोग्राम व डेटाबेस यांना ३ गिगाबाइटचे 'लो' संरक्षण दिले, म्हणजे त्या मर्यादेच्या आत असेपर्यंत कर्नल शक्यतो इतरांकडून मेमरी काढतो. येथे एक खाचखळगा आहे. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत मुलाला, म्हणजे आतल्या गटाला, मिळणारे संरक्षण पालकाच्या, म्हणजे बाहेरच्या गटाच्या, संरक्षणापलीकडे जात नाही. सेवा चालवणाऱ्या सिस्टीमडीच्या नेहमीच्या स्लाइसमध्ये (सेवांच्या गटात) असलेल्या सेवेला नुसते लो लिहिले आणि स्लाइसचे लो शून्यच राहिले, तर चूक कोठेही दिसत नाही आणि संरक्षणही काही मिळत नाही. म्हणून या दोन सेवांसाठी वरच्या पातळीवर स्वतंत्र स्लाइस केला आणि संरक्षण त्यालाच दिले.

कर्नलच्या मापदंडांपैकी एकच बदलला. पातळीरेषांमधले अंतर ठरवणारा वॉटरमार्क-स्केल-फॅक्टर मुळात १० असतो, म्हणजे मेमरीच्या ०.१ टक्का. तो १०० केल्यावर हे अंतर ८० मेगाबाइटच्या आसपास गेले आणि केस्वॅपडीला धावायला जागा मिळाली. त्याची किंमत म्हणून सव्वाशेच्या आसपास मेगाबाइट अधिक मोकळे राखावे लागतात. या यंत्रावर ती परवडते.

स्वॅपिनेस मात्र होता तसा ६० ठेवला. 'स्वॅपिनेस १० करा' हा सल्ला आपल्याकडे हळद लावण्यासारखा सर्रास दिला जातो, पण या आकड्याचा रॅम किती टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होणार याच्याशी काही संबंध नाही. फाइलींची पाने आणि फाइल नसलेली पाने यांपैकी कोणती परत आणणे अधिक महाग, याबद्दल कर्नलला दिलेला तो एक अंदाज आहे. कर्नल ५.८ पासून त्याची कमाल मर्यादा २०० आहे आणि १०० म्हणजे दोन्ही सारखीच महाग. या प्रकरणात मागणीच रॅमपेक्षा अडीच गिगाबाइटने जास्त होती. तेथे हा आकडा इकडे-तिकडे करून कोणत्या बाजूने गुदमरायचे एवढेच ठरवता आले असते. झेडस्वॅप चालू करून पाने डिस्कवर जाण्याआधी रॅममध्येच दाबून ठेवण्याचाही विचार झाला. ती सोय चांगली आहे, पण एकाच आठवड्यात सगळे बदल केले तर कशाने काय झाले हे कळत नाही, म्हणून ती बाजूला ठेवली. नव्या सर्व्हरबद्दल शेठजींना सांगितले ते असे: १६ गिगाबाइटच्या यंत्रावर हा बॅकअप मावला असता आणि तक्रार थांबली असती हे खरे, डिस्कच्या जागी एसएसडी तर हंगाम संपल्यावर घ्यावाच, पण फोल्डर वाढतच राहिले असते आणि सकाळची डिस्क बॅकअपने अडवलीच असती.

बदलांनंतर दहा ते बारा या वेळेत पीएसआयची पाच मिनिटांची सरासरी शून्याला लागून राहू लागली. थेट जुंपल्या जाण्याची मोजणी दिवसचे दिवस हलेना. काट्याची नोंद पुन्हा काही सेकंदांवर आली. तरी दिवाणजींच्या पडद्यावर स्वॅपमध्ये ७००-८०० मेगाबाइट भरलेले दिसतच होते आणि त्यांनी सुचवले की रोज स्वॅप बंद-चालू करून ते रिकामे करावे. ते करू दिले नाही. ती पाने यंत्र चालू होताना एकदा लागलेली व नंतर कोणी न विचारलेली होती. एसआय शून्यावर होता, म्हणजे त्यांना परत बोलावणारे कोणी नव्हते. ती जबरदस्तीने रॅममध्ये आणली तर तेवढीच उपयोगाची कॅशे बाहेर जाईल. दिवाणजींना पाहायला आता भरलेल्या स्वॅपऐवजी पीएसआयचा आकडा दिला आहे.

राहिला प्रश्न स्वॅप बंद होते त्या आठवड्यांचा. मेमरी संपल्यावर कर्नल ज्या प्रोसेसने सर्वांत जास्त मेमरी धरली आहे तिला प्रथम निवडतो, आणि या यंत्रावर ती एक्सझेडच होती. दहा-पंधरा मिनिटांनी यंत्र मोकळे होई ते त्यामुळे. स्क्रिप्ट एक्सझेडच्या शेवटाची तपासणी करत नव्हती, म्हणून अर्धवट फाइल त्या दिवसाच्या नावाने तशीच राहत असे आणि बाहेरच्या डिस्कवर रोज नवी फाइल दिसत असल्याने बॅकअप होत आहे असेच सर्वजण धरून चालले होते. त्या फाइली उघडून पाहिल्या. तुटलेल्या एक्सझेड फाइलीतून तुटेपर्यंतचा भाग बाहेर काढता येतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीची काही छायाचित्रे निघाली. पण डेटाबेसची प्रत आधी काढली जात असली तरी दाबायच्या फाइलीत छायाचित्रे आधी आणि ती प्रत शेवटी असा स्क्रिप्टचा क्रम होता, त्यामुळे ती प्रत एकाही फाइलीत पोहोचलेली नव्हती, आणि फाइल बनली की मूळ प्रत पुसून टाकण्याचे काम स्क्रिप्टने चोख केले होते. त्या आठवड्यांत डिस्क गेली असती, तर शेतकऱ्यांच्या नावावर चढलेल्या कापसाचा हिशेब हातात उरलेल्या काटापावत्यांवरून जुळवावा लागला असता.

नव्या पद्धतीने घेतलेली पहिली प्रत एका वेगळ्या लॅपटॉपवर उतरवून त्या दिवसाचे शेवटचे पावती क्रमांक आणि निव्वळ वजनाची बेरीज काट्यावरच्या रजिस्टरशी ताडून पाहिली, आणि ती जुळली. बॅकअप अर्धवट राहिला तर आता स्क्रिप्ट 'काम फसले' असा निकाल देऊन थांबते आणि फाइलला दिवसाचे नाव मिळतच नाही. लॅपटॉपवर प्रत उतरवून बेरीज ताडण्याचे काम आठवड्यातून एकदा दिवाणजींकडे आहे.